पीठ कोण मळणार, ते आधी सांगा

घरात ब्रेड मेकर घ्यायचा विषय निघाला की चार वाक्यं ठरलेली असतात. चाळीस-पन्नास रुपयांच्या ब्रेडसाठी दहा-बारा हजारांचं यंत्र कशाला? दोन महिन्यांत माळ्यावर जाणार. हाताची चव यंत्राला कुठून येणार? आणि शेवटचं, जरा वरच्या पट्टीतलं: ब्रेड हे आपलं अन्नच नव्हे, त्यापेक्षा भाकरी खा. ही वाक्यं मी नातेवाइकांकडून ऐकली आहेत, भिशीतल्या मैत्रिणींकडून ऐकली आहेत, आहारावर लिहिणाऱ्या जाणत्यांच्या लेखांत वाचली आहेत. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण चारही वाक्यांतून एक माणूस गायब आहे. पीठ मळणारा. बहुतेक घरांत, मळणारी. तिला हिशोबात आणून बसवलं की चारही आक्षेपांचा रंग बदलतो. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं ठरवलं.

पैशांचा आक्षेप आधी घेते, कारण तो सगळ्यात ठासून मांडला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. यंत्र १२,००० रुपयांचं धरा. ते पाच वर्षं चालेल असं धरा. नीट ठेवलं तर जास्तही चालतं. आठवड्याला दोन लोफ केले तर पाच वर्षांत ५२० होतात, म्हणजे यंत्राचा वाटा लोफमागे २३ रुपये. साडेचारशे ग्रॅम पीठ, चमचाभर यीस्ट, थोडं तेल, दूध पावडर, मीठ, साखर आणि अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज मिळून आणखी ४० रुपयांच्या आसपास. एकूण ६३. आता हा लोफ भरतो सुमारे ७०० ग्रॅम. दुकानातलं ४०० ग्रॅमचं गव्हाच्या ब्रेडचं पाकीट पन्नासला पडतं असं मानलं, तर तेवढ्याच वजनाचे ८७ रुपये होतात. साध्या पांढऱ्या ब्रेडशी तुलना केली तर फरक अगदीच किरकोळ उरतो. यातून कुणाचं घर उभं राहणार नाही, पण पैसे पाण्यात गेले असं म्हणायलाही जागा उरत नाही.

हाच हिशोब पंधरा दिवसांतून एकदा ब्रेड खाणाऱ्या घराला लावा. पाच वर्षांत १३० लोफ, आणि यंत्राचा वाटाच ९२ रुपये. त्या घरानं यंत्र घेऊ नये, हे मी स्वच्छ सांगते. माझा वाद त्या घराशी नाही. माझा वाद आहे तो, आठवड्याला दोन-तीन पाकिटं संपवणाऱ्या घरालाही हेच वाक्य ऐकवणाऱ्यांशी. डब्यात सँडविच, सकाळी टोस्ट, रात्री कंटाळा आला की ब्रेड-अंडं, अशी घरं आपल्या शहरांत आज भरपूर आहेत. त्यांना पाकिटाची किंमत दिसते, कारण ती रोज खिशातून जाते. यंत्राची किंमत डोळ्यांत भरते, कारण ती एकदम जाते. बारा हजार एकदम गेलेले खुपतात आणि वर्षभर पाकिटांवर गेलेले मोजले जात नाहीत, एवढ्याच जोरावर हा आक्षेप उभा आहे.

त्यातही या हिशोबात मी कणीक धरलेली नाही. ब्रेड मेकरमध्ये नुसतं पीठ मळायची सोय असते. मराठी घरात गेलेला ब्रेड मेकर ब्रेडपेक्षा जास्त वेळा पोळ्यांची कणीक मळतो, हे ज्यांच्या घरी तो आहे त्यांना विचारून बघा. आमच्या घरी सासूबाईंच्या बोटांचे सांधे संधिवातानं सुजले, तेव्हापासून सकाळची कणीक तोच मळतो. पीठ, पाणी, मीठ, तेल घालायचं, झाकण लावायचं, पंधरा मिनिटांनी गोळा काढून तेलाचा हात लावून झाकून ठेवायचा. दोघांपुरतं वाटीभर पीठ घातलं तर पातं नुसतं फिरत राहतं आणि पीठ कडेला चिकटतं, हे खरं. त्याला किमान तीन-चार माणसांची कणीक लागते. पण तेवढी असली की मळून निघते, आणि चांगली मऊसूत निघते.

आता हाताच्या चवीचा मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण त्यात भावना आहे आणि थोडं तथ्यही आहे.

घरगुती ब्रेड मेकरचा जन्म जपानमधला. १९८५ च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, त्यावर काम चालू होतं आणि ते अडलं होतं. यंत्रातून निघणारा ब्रेड बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. अभियंत्यांनी यंत्रानं मळलेल्या पिठाचे आणि बेकरनं मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कळलं काहीच नाही. मग इकुको तानाका नावाच्या, सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या बाईंनी एक मार्ग सुचवला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात सर्वोत्तम मानला जायचा. त्या हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली तानाका शिकायला गेल्या. तिथं उभं राहून पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस पीठ नुसतं दाबत नाही, ते एका खास पद्धतीनं ताणतो आणि ताणताना पिळतो. ती हालचाल त्यांनी अभियंत्यांना समजावली. वर्षभर खटपट झाली, आणि शेवटी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या गेल्या. पातं फिरतं तेव्हा गोळा त्या कडांना अडतो, ताणला जातो, पुन्हा सुटतो. १९८७ मध्ये हे यंत्र जपानच्या बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षी त्यानं विक्रीचा विक्रम केला. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे ही हकिकत जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते.

ब्रेड मेकरच्या भांड्यात हात घालून बघा, त्या कडा बोटांना लागतात. हाताची चव यंत्रात कुठून येणार म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: ती हातातूनच आली आहे. एका बाईनं दुसऱ्याच्या हाताकडे लक्ष देऊन पाहिलं, मग ते ज्ञान लोखंडात उतरवलं. यंत्र म्हणजे हाताचा अपमान, ही समजूत या यंत्राच्या बाबतीत तरी टिकत नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ते खरंच आहे. पण ते वाक्य बोलणाऱ्यांत पाट्यासमोर उकिडवं बसून वाटणारी बाई क्वचितच असायची. १९६३ मध्ये मुंबईत सुमीत मिक्सर बाजारात आला. सत्यप्रकाश माथूर या अभियंत्यांच्या घरातला परदेशी मिक्सर आपल्याकडचं वाटण झेपेना म्हणून बंद पडला. तो दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी आपल्या ओल्या-कोरड्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटर बनवली. त्या मिक्सरनं चटणीची चव थोडी घटवली असेल. त्याच्या बदल्यात किती बायकांची पाठ आणि किती तास वाचले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

वेळेची नोंद मात्र आता सरकारच ठेवतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे ८८. पावणेपाच तास विरुद्ध दीड तासाहून कमी. ‘घरी हातानं करा, त्याची सर कशाला नाही’ हा सल्ला कुणाच्या मिनिटांतून वसूल होणार, ते या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. हातानं ब्रेड करणं म्हणजे दहा-बारा मिनिटं मळणं एवढंच नसतं. मळा, तासभर फुगू द्या, दाबून हवा काढा, आकार द्या, पुन्हा फुगू द्या, ओव्हन आधी तापवा, चाळीस मिनिटं भाजा, मध्ये वरून करपत नाही ना ते पाहा. प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं, पण चार तास घर सोडता येत नाही. ज्याला हे करण्यात आनंद आहे त्यानं जरूर करावं. रविवारी सकाळी हौसेनं मैदा मळणाऱ्या पुरुषांविषयी मला आदरच आहे. पण हौस आणि रोजचा डबा या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेड मेकरमध्ये रात्री सामान मोजून घालायला पाच-सात मिनिटं लागतात, वेळ लावून ठेवली की सकाळी सहाला लोफ तयार असतो. एकच काळजी घ्यायची: रात्रभर ठेवायचं असेल तर दुधाऐवजी दूध पावडर घालायची, उन्हाळ्यात दूध सकाळपर्यंत आंबतं.

इथं यंत्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही सुनवायला हवं. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, केंट कंपनीनं आपल्या कणीक आणि ब्रेड मेकरची जाहिरात केली. तिचा आशय असा, की कामवाल्या बाईला हातानं कणीक मळू देता का, तिचे हात संसर्गाचे असू शकतात. संतापाची लाट उठली, कंपनीला माफी मागून जाहिरात मागे घ्यावी लागली, आणि जाहिरातींत चेहरा असलेल्या हेमा मालिनी यांनीही हे विचार आपले नाहीत असं जाहीर केलं. लाट उठली ते योग्यच झालं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं आपलं पीठ मळलं त्यांना घाण ठरवून यंत्र विकणं हे नीच काम होतं. हे यंत्र घ्यायचं ते त्या हातांना विसावा मिळावा म्हणून. मग ते हात आपले असोत, आईचे असोत की कामाला येणाऱ्या मावशींचे. कणीक यंत्रानं मळली म्हणून मावशींच्या पगारातून शे-दोनशे कापणारी घरं आहेत. त्यांच्या बाजूनं मी एक अक्षरही बोलणार नाही.

माळ्याचा आक्षेप मात्र लवकर संपतो. वस्तू माळ्यावर जाते ती ओट्यावर तिला जागा नसते म्हणून. घेण्याआधी ओट्यावरची जागा मोजा, प्लग जवळ आहे का बघा. रोज खाली काढून ठेवावं लागणारं कुठलंही यंत्र महिन्याभरात बंद पडतं, मग तो ज्यूसर असो की ब्रेड मेकर. आणि ज्यांचे माळ्यावर गेले आहेत त्यांच्याकडून कमी पैशांत घ्या. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे यंत्र भरपूर असतं, आणि बहुतेक वेळा ते फार कमी वापरलेलं असतं.

ज्या एका आक्षेपापुढे मी स्वतः थांबते, तो या चारांत नाहीच. तो पिठाचा आहे, आणि विकणारे तो सांगत नाहीत. यंत्रासोबत येणारी पुस्तिका परदेशी ब्रेडच्या पिठासाठी लिहिलेली असते. आपण गिरणीतून आणलेली कणीक तशी नसते. लोकवन किंवा सिहोर गव्हाचं पीठ पोळीसाठी उत्तम, कारण ते मऊ लाटलं जातं, ताणलं जातं. पण फुगणाऱ्या ब्रेडमधला वायू धरून ठेवायला जी ताकद लागते ती त्यात कमी पडते. शिवाय जात्याच्या दगडाखाली पीठ रगडून आणि तापून निघतं, त्यातले स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. म्हणून पुस्तिकेतल्या मापानं पाणी घातलं की गोळा कोरडा, घट्ट होतो, आणि ब्रेड विटेसारखा निघतो. त्यात भर कोंड्याची: कोंड्याचे तुकडे ग्लुटेनच्या जाळ्याला भोकं पाडतात. पहिला ब्रेड असा निघाला की लोक यंत्राला दोष देतात. खपली गव्हाचं पीठ घातलं तर आणखीच बसका निघतो.

याला उपाय आहे, पण तो पुस्तिकेत नाही. वजनकाटा घ्या, वाट्या-चमच्यांनी मापू नका. अर्धी कणीक आणि अर्धा मैदा इथून सुरुवात करा, मग जमेल तसा मैदा कमी करत जा. मळणं सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत झाकण उघडून बघा. तोवर उघडलं तर काही बिघडत नाही. गोळा पात्याभोवती गुळगुळीत फिरायला हवा, बोट लावलं तर किंचित चिकटायला हवा. पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल. भिंतीला आपटून टकटक आवाज येत असेल तर चमचाभर पाणी, भांड्याच्या तळाशी पसरत असेल तर चमचाभर पीठ. कोकणात पावसाळ्यात पीठच दमट असतं, तेव्हा पाणी थोडं आधीच कमी करा. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यांत फ्रिजचं थंड पाणी घाला. नाहीतर यंत्राची ठरलेली वेळ संपायच्या आत पीठ जास्त फुगतं आणि भाजायला लागल्यावर मध्ये खचतं. लोफ निघाला की लगेच कापू नका, जाळीवर तासभर निवू द्या. खाली पात्याचं भोक पडतं, ते पडतंच. आणि ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं तो सगळ्यात लवकर वातड होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर कापून फ्रीजरमध्ये टाका, लागेल तशी चकती थेट टोस्ट करा.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर यंत्र कशाला? हे सगळं पहिल्या काही लोफपुरतं असतं. एकदा तुमच्या गिरणीच्या पिठाचं पाण्याचं माप हाती लागलं की कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचं आणि पुढे तेच करत राहायचं. पण हेही कबूल केलं पाहिजे की ही धडपड बायकांच्या गळ्यात पडते, कारण कंपन्यांनी ती केलेली नाही. जपानी लोकांनी ती केली. २०१० मध्ये सान्यो कंपनीनं ‘गोपान’ नावाचं यंत्र काढलं. त्यात पीठ नव्हे, अख्खे तांदूळ घालायचे. यंत्र ते भिजवून दळतं आणि ब्रेड बनवतं. भात खाणाऱ्या देशानं ब्रेडचं यंत्र आपल्या धान्यासाठी वाकवलं. मागणी एवढी आली की कंपनीला नव्या ऑर्डरी काही काळ थांबवाव्या लागल्या. सुमीतनं वाटणासाठी जे केलं तेच इथं व्हायला हवं. गिरणीच्या लोकवनसाठी जास्त पाणी, आधी भिजवून ठेवण्याचा वेळ, उन्हाळ्यासाठी कमी फुगवण्याची सोय, आणि मराठीत ग्रॅममध्ये लिहिलेली पुस्तिका. यातलं काहीही अवघड नाही. मागणारं गिऱ्हाईक हवं.

आरोग्याच्या नावानं यंत्र विकणाऱ्यांवरही माझा राग आहे. मैदा घरच्या यंत्रात घातला म्हणून त्याची कणीक होत नाही. घरचा ब्रेड खाऊन साखर उतरते, वजन कमी होतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. घरच्या ब्रेडचा फायदा वेगळा आहे: त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. हा फायदा छोटा नाही. २०१६ च्या मे महिन्यात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेनं ब्रेड, पाव, बन, पिझ्झा यांचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकी ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेट मानवाला कर्करोग करू शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत १९९९ पासून आहे. कितीतरी देशांनी ते आधीच बंद केलं होतं, आपल्याकडे तोवर त्याला परवानगी होती. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते यादीतून काढलं. म्हणजे आज दुकानातला ब्रेड विष आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पाकिटावरचे २८२, ४७१, ४८१ हे आकडे परवानगी असलेल्या पदार्थांचे आहेत. २८२ बुरशी येऊ देत नाही, उरलेले दोन मऊपणा टिकवतात. पण २०१६ पर्यंत वर्षानुवर्षं आपण जे खाल्लं ते कुणी विचारून खाऊ घातलं नव्हतं. ‘ब्राउन’ ब्रेडचं पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचा नियम आहे. कित्येकदा पहिला शब्द मैदा असतो आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा. दोन-चार रुपये जास्त देऊन रंग घेतलेला असतो. घरच्या लोफमध्ये सात जिन्नस असतात आणि सातही तुमच्या हातांनी मोजलेले. मीठ किती घालायचं ते रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला स्वतः ठरवता येतं.

आता एक आक्षेप असा आहे की तो मनापासून विचार करायला लावतो: गल्लीतली बेकरी मरेल. ज्यांना बेकरीची काळजी आहे ती माणसं मला आपली वाटतात. पण ते चुकीच्या शत्रूकडे बोट दाखवतात. ब्रेड मेकरला लादीपाव येत नाही. ब्रून येत नाही. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे सायकलचा भोंगा वाजवत जी पोई आणि उंडे आणतो, ते तर अजिबात येत नाहीत. त्यासाठी विटांची तापलेली भट्टी लागते, लाकडी फावड्यावरून आत सरकवलेला पाव लागतो, कडक कवच येईल असा जाळ लागतो. ब्रेड मेकरची आच त्यामानानं मंद, कवच मऊ. तो फक्त चौकोनी कापलेल्या ब्रेडशी स्पर्धा करतो, आणि तो ब्रेड गल्लीतल्या बेकरीतून फारसा येतच नाही, कारखान्यातून येतो. मिसळीबरोबरचा पाव बेकरीतूनच आणा, आणा म्हणजे आणाच. बेकऱ्यांसमोरचं संकट वेगळं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवेसाठी तो निर्णय हवाच होता. पण भट्टी बदलायची तर लाखांत पैसा, गॅसची जोडणी, आणि तोवर धंदा बंद. छोट्या बेकरीवाल्याला त्यासाठी कर्ज आणि मुदत मिळावी म्हणून कुणी बोलत असेल तर मी त्याच्या शेजारी उभी राहीन. माझ्या ओट्यावरच्या यंत्रानं त्याचा एकही पाव कमी होत नाही.

राहिली भाकरी. ज्वारीची भाकरी ब्रेडपेक्षा सरस आहे, यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. आमच्या घरी रात्री भाकरीच असते. पण ‘ब्रेड कशाला, भाकरी खा’ असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारते: थापणार कोण? पहाटे साडेपाचला उठून, गरम पाण्यात पीठ मळून, तव्याच्या धगीसमोर उभी राहून आठ भाकऱ्या थापणारी व्यक्ती घरात कोण, तिचं नाव सांगा. ते नाव सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं असेल तर मी निमूट ऐकून घेईन. नसेल, तर तो सल्ला आहाराचा नाही, दुसऱ्याच्या वेळेवर केलेला दावा आहे. आणि ज्या घरात सकाळी भाकरी होणं शक्य नाही, तिथं भाकरीची जागा आज पाकिटातल्या ब्रेडनं, बिस्किटांनी आणि दोन मिनिटांच्या नूडल्सनी घेतली आहे. ब्रेड मेकर त्यांच्याशी स्पर्धा करतो. भाकरीच्या वाटेत तो येतच नाही.

तेव्हा घ्यायचा कुणी? आठवड्याला दोन लोफ संपणारं घर, चार माणसांची कणीक रोज मळणारं घर, हात दुखणारं माणूस असलेलं घर, पाकिटात काय आहे याची धास्ती घेऊन ॲलर्जीचं मूल वाढवणारं घर. ज्यांना पाव, कुरकुरीत कवचाचा ब्रेड किंवा मोठ्या भोकांचा सावरडो हवा आहे त्यांनी हे पैसे ओव्हनमध्ये घालावेत. एकट्यानं राहणाऱ्यानं घेऊ नये. आणि ज्या घरात यंत्र आलं तरी सामान मोजणं, भांडं धुणं, लोफ काढणं हे सगळं पुन्हा एकाच बाईकडे जाणार असेल, तिथं आधी ते काम वाटून घ्यावं. यंत्रावरची बटणं दाबायला कुठलंही पारंपरिक कौशल्य लागत नाही, दहा वर्षांचं मूलही ती दाबू शकतं.

दुकानात गेलात की विक्रेता पंधरा-वीस कार्यक्रम मोजून दाखवेल, जॅम, केक, दही. तिकडे लक्ष देऊ नका. पातं आणि आतलं भांडं सुटं मिळतं का आणि किती दिवसांत, एवढं विचारा. पात्याचा दांडा झिजतो, भांड्याच्या तळातलं रबराचं सील गळायला लागतं, लेप खरवडला जातो. यंत्राच्या मोटरीआधी हेच जातं. माझं पातं मिळायला सेवा केंद्रात कित्येक खेपा माराव्या लागल्या, आणि शेवटी ते दुसऱ्या शहरातल्या दुकानातून मागवलं. सुटा भाग मिळतो असं विक्रेता लेखी देत नसेल, तर कितीही सवलत असली तरी तो ब्रेड मेकर घेऊ नका, पुढच्या दुकानात जा.